१९९९ ची माझदा एमएक्स-५ : पुढचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड घरीच बदलावेत का?

वाऱ्यावरची_वरात (प्रश्न)

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात राहतो आणि माझ्याकडे दुसऱ्या पिढीतील माझदा एमएक्स-५ आहे. लहान खड्ड्यांवरून जाताना पुढच्या बाजूने टकटक आवाज येतो आणि मोटारवेवर गाडी सरळ ठेवण्यासाठी स्टिअरिंग सतत थोडे थोडे सावरावे लागते. यंदाच्या एमओटी तपासणीत (ब्रिटनमधील गाडीच्या सुरक्षिततेची वार्षिक तपासणी) गाडी उत्तीर्ण झाली. मात्र डावीकडील खालच्या बॉल जॉइंटचे (चाकाकडच्या टोकाला असलेला, सर्व दिशांनी हलणारा गोल सांधा) रबरी आवरण फाटत आले आहे आणि खालच्या आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) बुश, म्हणजे त्याच्या सांगाड्याकडील टोकाच्या रबरी गाद्या, झिजले आहेत, अशी नोंद शेऱ्यांत आहे.

ब्रेक पॅड आणि डिस्क मी स्वतः बदलतो. घरामागे सपाट काँक्रीटची जागा, ट्रॉली जॅक, चार स्टँड आणि टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोराने आवळण्याचा पाना) आहे. पुढची संपूर्ण बाजू एकदाच उघडावी की नोंदलेले भाग तेवढेच बदलावेत? बुश रबराचे घ्यावेत की पॉलियुरेथेनचे?

पाना_बारा_तेरा

सुटे भाग मागवण्यापूर्वी ढिलाई नेमकी कोठे आहे हे ठरवावे, कारण टकटक आवाज करणारा भाग आणि गाडी भरकटवणारा भाग एकच असेल असे नाही. या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असल्याने वजनाचा भार खालच्या बॉल जॉइंटमधून जातो. म्हणून तपासताना जॅक चॅसीखाली न लावता त्या आर्मखाली, शक्य तितका चाकाजवळ लावावा. एरवी स्प्रिंगच्या ताणामुळे झिजलेला सांधाही घट्ट भासू शकतो. चाक वर-खाली धरून हलवले असता प्ले (ढिलेपणा) जाणवला, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. तेव्हा प्ले नाहीसा झाला तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो, आणि तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा. फक्त चाक आडवे धरून हलवल्यावर जाणवणारा प्ले बहुधा टाय रॉडचा (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) असतो. तो बाहेरच्या टोकाचा आहे की स्टिअरिंग रॅकजवळच्या आतल्या सांध्याचा, हे रॅकवरचे रबरी आवरण बोटांनी दाबून आतला सांधा चाचपल्यावर कळते. लहान खड्ड्यांवरच्या आवाजासाठी मात्र मी आधी अँटी-रोल बारची (वळणावर गाडी कलणे कमी करणारा दांडा) ड्रॉप लिंक, म्हणजे त्याला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी, पाहीन, कारण तो भाग स्वस्त आहे, लवकर झिजतो आणि त्याचे खापर नेहमी महागड्या भागांवर फुटते.

खालचा बॉल जॉइंट आर्मला बोल्टने जोडलेला असल्यामुळे स्वतंत्रपणे बदलता येतो. त्याची निमुळती दांडी सोडवण्यासाठी दुपाखी पाचर ठोकू नये, तिने रबरी आवरणे फाटतात. स्क्रूने दाब देणारा पुलर लावावा आणि दांडी ज्या छिद्रात बसते त्याच्या बाजूवर हातोड्याचा एक नेमका घाव घालावा. कॅसल नट (वर खाचा असलेला नट) ठरलेल्या टॉर्कला आवळल्यावर स्प्लिट पिनचे (नट सुटू नये म्हणून घालायची पिन) छिद्र जुळले नाही, तर नट किंचित पुढे आवळून जुळवावा, मागे कधीही सोडू नये. पिन दर वेळी नवीनच घालावी.

गंजलेला_बोल्ट

वरील तपासणी योग्यच आहे, परंतु या कामाचा खरा वेळ गंज खातो. खालच्या प्रत्येक आर्मला कॅम (फिरवल्यावर आर्म थोडा सरकवणारी विकेंद्री चकती) असलेले दोन लांब बोल्ट असतात आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, त्यांच्यावरच होते. इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे हे बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत धरून बसतात. नट सुटतो, बोल्ट मात्र नळीसकट फिरतो आणि रबर पिळवटते. गंजरोधक तेल तेथवर पोहोचत नाही, आणि गॅसची ज्योत वापरावी तर शेजारून ब्रेकचे पाइप जातात. अशा वेळी आर्म आणि ब्रॅकेट यांच्या फटीत करवतीचे पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापणे हाच व्यवहार्य उपाय उरतो. म्हणून नवीन बोल्ट, कॅम व वॉशर हातात आल्याशिवाय जुने सोडवायला घेऊ नयेत.

त्याही आधी पुढच्या दोन्ही चॅसी रेल (गाडीच्या सांगाड्याचे लांब पोकळ भाग) खालून काळजीपूर्वक तपासाव्यात. दुसऱ्या पिढीच्या गाडीत त्या आतून कुजतात आणि वरचा रंग शाबूत दिसत राहतो. सस्पेन्शनच्या आधारबिंदूपासून ३० सेंटिमीटरच्या आत मजबुती घटवणारा गंज असेल तर गाडी एमओटीत नापास होते. रेल पोकळ लागत असेल तर पैसे आधी वेल्डिंगवर खर्च करावेत.

वाऱ्यावरची_वरात

दोघांचेही आभार. पुढच्या सुट्टीच्या दिवशी आधी रेल आणि ड्रॉप लिंक तपासतो. बुशच्या प्रकाराबाबत कोणी सांगू शकेल का?

पाना_बारा_तेरा

गाडी मुख्यतः रस्त्यावर चालवायची असेल तर माझा कल रबराकडे आहे, कारण रबर थरथर शोषून घेते आणि त्याला वंगण लागत नाही. ते बसवताना मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. रबरी बुशची आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट आवळली जाते आणि आर्म हलतो तेव्हा रबर पिळले जाते. गाडी स्टँडवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट पक्के केले, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि नवे बुश काही काळातच फाटतात. त्यामुळे बोल्ट आधी हलके लावावेत, प्रत्येक आर्म जॅकने गाडीच्या नेहमीच्या उंचीइतका उचलावा किंवा चाके रॅम्पवर घ्यावीत, आणि मगच अखेरचा टॉर्क द्यावा. पॉलियुरेथेनचा बुश नळीभोवती मोकळा फिरत असल्याने तेथे हे बंधन नसते. त्याबदल्यात बसवताना सोबतचे ग्रीस हात आखडता न घेता लावावे लागते, अन्यथा तो कुरकुरतो.

गंजलेला_बोल्ट

अलाइनमेंटचेही लिहितो, कारण प्रश्नातली भरकटण्याची तक्रार बहुधा तेथेच मिटेल. टाय रॉड एंड काढताना तो किती फेऱ्यांनी सुटला हे मोजून नवा तितक्याच फेऱ्यांवर बसवला आणि कॅमच्या जुन्या खुणा रंगाने टिपून ठेवल्या, तर गाडी अलाइनमेंटवाल्याकडे सावकाश नेण्याइतकी सरळ राहते. त्याहून अधिक भरवसा त्या खुणांवर ठेवू नये, कारण बुश बदलल्यावर त्यांचा अर्थ बदलतो. चारही चाकांचे माप घेणारे ठिकाण निवडावे. या गाडीत मागच्या खालच्या आर्मलाही कॅम आहेत, आणि तेथील बोल्ट धरलेले असतील तर तंत्रज्ञ मागचे माप नुसते वाचून सोडून देतो; म्हणून ते फिरतात का, हे वेळ ठरवण्यापूर्वीच घरी पाहून ठेवावे. मोजमापाच्या वेळी चालकाच्या जागी आपल्या वजनाइतका भार ठेवण्याची विनंती करावी. गाडी हलकी आणि दोनच आसनांची असल्याने त्या वजनाने तिची बसण्याची उंची बदलते, आणि उंचीबरोबर चाकांचे कोनही.