मदत हवी आहे: १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक पेटीत) २० मीटरची पारदर्शकता कशी मोजायची?

नमस्कार मंडळी. सोलापुरात एमएस्सी फिजिक्सला आहे. प्रोजेक्ट आहे न्यूट्रिनो डिटेक्टरमधल्या द्रव सिंटिलेटरवर (कण आरपार गेला की चमकणारा द्रव). म्हणजे एलएबी, लिनिअर अल्किलबेन्झीन (हो, धुण्याच्या पावडरीचा कच्चा माल तोच!), त्यात लिटरला २.५ ग्रॅम पीपीओ आणि ३ मिलिग्रॅम बिस-एमएसबी, ही दोन चमकणारी रसायनं. हे प्रमाण चीनच्या जुनो या न्यूट्रिनो प्रयोगातलं. पीपीओचा अतिनील प्रकाश बिस-एमएसबी शोषून ४३० नॅनोमीटरच्या आसपास निळा करून सोडतं. जुनोत २० हजार टन द्रव आहे, त्यामुळे या निळ्या प्रकाशाची क्षीणन लांबी (ज्या अंतरात प्रकाश सुमारे ३७ टक्के उरतो ते अंतर) २० मीटरच्या पुढे लागते.

घोडं इथेच पेंड खातंय. २० मीटर धरले तर १ सेंमीत अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती घटला याचं लॉगरिदमी माप) येतो जेमतेम ०.०००२. आमच्या यूव्ही-व्हिजिबल यंत्राचा ०.००१ चा आकडाच नुसता नाचतो. बाहेरचा उजेड नको म्हणून वर चादर टाकली (सोलापुरी, अर्थात), तर तिचे तंतू क्युव्हेटला चिकटले आणि रीडिंग मायनसमध्ये!

आता १ मीटरची उभी नळी, खाली निळा एलईडी, वर फोटोडायोड आणि द्रवाची पातळी बदलत मोजमाप, असा विचार आहे. १ मीटरला साधारण ५ टक्के घट दिसायला हवी. पण नळीच्या भिंतीवरून परावर्तित होणारा प्रकाश कसा अडवायचा? पातळी बदलली की पृष्ठभागाची वक्रता झोत हलवते का? आणि विखुरणं नि शोषण वेगळं कसं काढायचं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत अशी स्टीलची नळी, तळाला काच बसवून, कोणी करून देईल का? बजेट विद्यार्थ्याचं आहे.