'पेर्पेतुओ'ला मराठीत काय म्हणायचं? शाश्वत, कायमस्वरूपी की आणखी काही?

डिचोली:
गोव्यातल्या कोमुनिदादीच्या (गावच्या सामाईक जमिनीची मालक संस्था) आफोरामेंताच्या (जमीन लावून देण्याचा करार) एका जुन्या कागदाचं मराठी करायचं आहे. मूळ पोर्तुगीजमध्ये 'पेर्पेतुओ' आहे. आधीच्या भाषांतरात 'शाश्वत भाडेपट्टा' लिहिलंय, तपासणाऱ्याने ते खोडून 'कायमस्वरूपी' केलंय, तिसऱ्याला 'चिरस्थायी' हवंय. कागद मामलेदार कचेरीत जाणार आहे, तेव्हा कविता नको.

सासष्टी:
'शाश्वत' आधी काढा. आफोरामेंतात वर्षाला ठरलेला फोर, म्हणजे जमिनीचा खंड, भरायचा आणि जमीन वारसांकडे जात राहायची. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत हा करार मुळातच पेर्पेतुओ. मुदत घातली की तो साधा भाडेपट्टा. पण फोराची एकरकमी फेड करून जमीन मोकळी करून घेता येते, आणि कोमुनिदादीने ज्या कामासाठी दिली ते केलं नाही तर ती परतही जाऊ शकते. म्हणजे कराराला संपण्याची तारीख नाही, एवढंच. तो संपूच शकत नाही असं नव्हे, आणि 'शाश्वत' नेमकं तेच सांगतो. 'भाडेपट्टा'ही नको, संहितेत तो वेगळा प्रकार आहे. 'आफोरामेंत' तसाच ठेवा आणि पुढे 'कायमचा' लिहा.

अंत्रुज:
'कायमचा' पटलं. 'कायमस्वरूपी' म्हणजे अरबी शब्दाला संस्कृत शेपूट. 'कायम' म्हणजे मुळात उभा असलेला. स्वरूप जोडून त्यात काय भर पडते?

सासष्टी:
भर पडते. आस्थापना विभागात विचारा. पद कायमस्वरूपी असतं, माणूस कायम होतो. कायमस्वरूपी पदावर हंगामी माणूस बसू शकतो. दोन्हीकडे 'कायम'च लिहिलंत तर सेवापुस्तकात घोळ होईल.

अंत्रुज:
मग 'स्थायी पद' म्हणा! बाकी 'चिरस्थायी'वाल्यांनी हिंदीतून उचललेलं दिसतंय. 1793 च्या बंगालच्या जमीनसाऱ्याच्या बंदोबस्ताला हिंदीत 'स्थायी बंदोबस्त' म्हणतात, आपण शाळेपासून 'कायमधारा' म्हणतो. किती नेटका शब्द! कायम काय राहतं तेही सांगतो: धारा, म्हणजे सारा.

काणकोण:
मला 'मिराशी' सुचतो. देशावर मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, उपरी बाहेरून येऊन कसणारा. 'मिरास' म्हणजे वारसा. आफोरामेंताच्या सर्वांत जवळचं हेच.

सासष्टी:
अर्थाने जवळचं, पण गोव्यात धोक्याचं. इथे मिराशी म्हटलं की देवळातल्या सेवेचा नाहीतर मानाचा हक्क डोळ्यांपुढे येतो. त्यातून देवस्थानांचा प्रशासकही मामलेदारच. कारकून फाईल भलत्याच टेबलावर पाठवील.

काणकोण:
तेही खरं. मग जुन्या सनदांतलं 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' घ्या. काळाचं नावच नाही, वंशाचं माप. ताम्रपटांत आणि शिलालेखांत याहून मोठं माप आहे: 'आचंद्रार्क', चंद्रसूर्य असेतोवर. गद्धेगाळीवर, म्हणजे दानाच्या कोरीव दगडावर, वर चंद्रसूर्य कोरलेले असतात ते याचसाठी. मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला चित्रातून शिवी. 'शाश्वत' शब्दावर विसंबून राहिलं नाही कोणी, शिवीही कोरून ठेवली.

डिचोली:
शिवी नको, विशेषण हवंय. 'तहहयात' चालेल का?

अंत्रुज:
अजिबात नाही. 'तहहयात' एका माणसापुरतं. हयात संपली की हक्क संपला, वारसांना काही नाही. आणि यातला 'तह' म्हणजे करार, असं छातीठोक सांगणारे भेटतात. फारसी 'ता हयात', हयातीपर्यंत. 'ता'चा 'तह' आपण केला.

काणकोण:
'आजन्म', 'आमरण' तसेच, माणसाच्या मापाचे. 'आ' दोन्हीकडे असला तरी आजन्मचा 'आ' जन्मापासून सुरू होतो, आमरणचा मरणापाशी थांबतो. 'आमरणान्त उपोषण' मात्र चूक. 'आमरण'मध्येच 'पर्यंत' आलं, मग 'अन्त' कशाला?

अंत्रुज:
चूक कसं? 'आमरणान्ताः प्रणयाः' हे जुनं सुभाषित आहे. संस्कृतात चालतं ते मराठीत अशुद्ध ठरवणारे आपण कोण? तुमची चाळणी लावली तर 'जन्मठेप'ही जाईल. तिचा अर्थ लोक चौदा वर्षं असा करतात. प्रत्यक्षात ती शिल्लक आयुष्यभराची. 14 वर्षं ही काही गुन्ह्यांत सूट मिळण्याआधी भोगायची किमान मुदत.

सासष्टी:
कोंकणीकडे कोणीच वळलं नाही. चर्चमधल्या कोंकणीत 'सासणाचें जिवीत' म्हणजे अनंत जीवन. हा 'सासण' शासनावरूनच आला असणार. ताम्रशासन, म्हणजे दानाचा ताम्रपट, आचंद्रार्क टिकायचं, म्हणून सासणाचें ते कायमचं. सासनकाठीतही तोच.

काणकोण:
ओढूनताणून. 'शाश्वत'चा 'सास' होणं त्याहून सोपं.

सासष्टी:
मग 'ण' कुठून आणलात?

अंत्रुज:
'शाश्वत'वरून आठवलं, 'शाश्वत विकास' हे रूप कोणी रूढ केलं? टिकाऊ म्हणायचं होतं, शाश्वत म्हणून बसले. आणि संयुक्त राष्ट्रांच्या त्या 17 ध्येयांना मुदत 2030 ची!

काणकोण:
मूळ 'शश्वत्' म्हणजे पुन्हा पुन्हा, सतत. त्या अर्थाने बसतं. शब्द जागा बदलतात. संस्कृतात 'चिरंतन' म्हणजे जुनापुराणा, पुरातनचा भाऊ. मराठीत तो पुढे तोंड करून उभा आहे, त्याला कोणी अडवलं नाही.

डिचोली:
म्हणजे 'कायमचा आफोरामेंत' ठेवू ना?

अंत्रुज:
ठेवा. पण 'चिर'चा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. 'चिरम्' म्हणजे दीर्घकाळ, सदासर्वकाळ नव्हे. लग्नपत्रिकेतला 'चि.' मुलाला अमर करत नाही, 'दीर्घकाळ जग' एवढाच आशीर्वाद देतो. म्हणून 'चिरंजीवी'चा अर्थ अमर असा लावणं मला खटकतं.

काणकोण:
परशुरामाच्या भूमीत बसून हे बोलू नका! सात चिरंजीवांत तो आहे.

अंत्रुज:
श्लोक नीट म्हणा की. 'कृपः परशुरामश्च सप्तैते चिरजीविनः'. 'चिरजीविनः', अनुस्वार नाही. अनुष्टुभ छंदात तिथे पाचवं अक्षर लघु लागतं, 'रं' घातला की गुरू होऊन चाल मोडते. पाठ म्हणणारे निम्मे लोक मोडतातच.

सासष्टी:
आणि पुढची ओळ? आठवा चिरजीवी मार्कंडेय, आणि या सर्वांचं रोज स्मरण करणाऱ्याला शंभर वर्षं. तहहयातच झालं की ते.