तीन मिनिटांचा श्री की अख्ख्या बाजूचा मारवा?

गोखले (सी-४०३): मंडळी, शनिवारी संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये ऐकायला बसायचं पक्कं. प्रत्येकाने एकच रेकॉर्डिंग सुचवायचं. लिंकांचा पाऊस पाडू नका. आणि "सगळेच थोर" हे उत्तर धरलं जाणार नाही. थोर आहेत म्हणूनच निवडायला सांगतोय.

पाटील (सी-१०२): अमीर खाँसाहेबांचा मारवा राग. विषय संपला.

नेने काकू (सी-२०१): संपला कसला, आत्ता कुठे सुरू होतोय. माझं मत बापूरावांच्या श्रीला. द. वि. पलुसकर, 'हरि के चरन कमल'. ७८ ची तबकडी.

पाटील: काकू, तीन मिनिटांत श्री? ती रागाची जाहिरात झाली हो. राग उलगडायला वेळ नको का?

नेने काकू: उलगडायला वेळ लागतो हे कुणी शिकवलं तुम्हाला? वेळ भरायला लागतो. उद्या संध्याकाळी कामं आटपली की कानाला हेडफोन लावून ऐका. कोमल रिषभावरून पंचमावर ते कसे जातात तेवढंच ऐका. श्रीचा सगळा जीव त्या रे-प मध्ये आहे, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात तो तुमच्या हातात येतो. पुढे तान आली तरी शब्द मोडत नाही. माझ्या क्लासच्या मुली अर्धा तास श्री गातात आणि रिषभ काही सापडत नाही, तो भाग वेगळा.

पाटील: 😄 मुली ग्रुपवर नाहीत म्हणून बरं.

सावंत, सेक्रेटरी (सी-३०१): सर्वांना नम्र सूचना. उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई. पाणी आधी भरून ठेवणे. तसेच गाण्याच्या चर्चेसाठी वेगळा ग्रुप करावा ही विनंती.

गोखले: सावंत, वेगळा ग्रुप केला तर टाकी सफाई कुणाला कळणार? इथे आम्हीच तर वाचतो.

पाटील, तुमच्या जाहिरातीच्या मुद्द्यावर बोलतो, राहवत नाही. आपण ७८ ची तबकडी ऐकतो तेव्हा डोक्यात मैफल असते आणि वाटतं, हिने मैफलीला कात्री लावली. तसं नाहीये ते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन, फार तर सव्वातीन मिनिटं. गवयाला हे आधी ठाऊक असायचं आणि तो त्या मापाचंच गाणं घेऊन जायचा. काय ठेवायचं, काय गाळायचं, तान कुठे टाकायची, मुखड्यावर कधी यायचं, सगळं ठरवून. ज्यांना हे जमलं नाही त्यांच्या तबकड्या खरंच कापल्यासारख्या वाटतात. शेवटी घाई होते, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कशीबशी गाठतात. बापूरावांच्या तबकडीत ती घाई नाही. गेले तेव्हा ३४ वर्षांचे होते ते, १९५५ साली. लाँग प्लेचा, म्हणजे जास्त वेळ गाणं मावणाऱ्या तबकडीचा, जमाना त्यांच्या वाट्याला आलाच नाही. आपल्याला जे पलुसकर माहीत आहेत ते बहुतांशी तीन-तीन मिनिटांचेच आहेत.

पाटील: हे मान्य. पण मग तीन मिनिटांत मारवा करून दाखवा कुणीतरी. मारव्याला पोकळी लागते. अमीर खाँसाहेब सुरुवातीला किती वेळ षड्जाच्या आजूबाजूला फिरतात, पण षड्जावर बूड टेकत नाहीत! रिषभ, धैवत, परत रिषभ. तंबोऱ्यात सा वाजतोय आणि गाणारा त्याला चुकवतोय. झुमरा तालाची ती लय, 'पिया मोरे अनत देस'. मग सा लागतो तेव्हा कुठे आपण श्वास सोडतो. हे तबकडीत बसेल?

नेने काकू: नाही बसणार. म्हणून तो लाँग प्लेवर आहे. एका बाजूला मारवा, दुसरीकडे दरबारी. मीही झिजवलीय ती. पण पाटील, लाँग प्लेची बाजू म्हणजे तरी काय, वीस-बावीस मिनिटं. खाँसाहेब मैफलीत मारवा याहून कितीतरी जास्त गात असणार. म्हणजे कात्री तिथेही आहेच. तुम्हाला मोठ्या मापाची चालते, माझ्या छोट्या मापाची चालत नाही.

गोखले: काकूंनी घेतली बरं का! 👏

शेख सर (सी-६०४): सगळ्यांना नमस्कार. दवाखान्यात होतो, आत्ता वाचलं. मी मिरजेचा, त्यामुळे माझं मत काय असणार हे सांगायला नको. अब्दुल करीम खाँसाहेब, झिंझोटी, 'पिया बिन नाहीं आवत चैन'. हीच तबकडी ऐकून भीमसेन जोशी लहानपणी घर सोडून गुरू शोधायला निघाले. खाँसाहेब १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वारले, पण माती मिरजेच्या दर्ग्यातच. तिथल्या उरुसाला आजही गवई हजेरी लावतात. लहानपणी आम्ही झोपा मोडून ऐकायचो, कळायचं काहीच नाही.

पण एक अडचण आहे. शनिवारी लावायची कुठली प्रत? नेटवर मला तीन सापडल्या. हार्मोनियम घेऊन बसलो तर तिन्ही वेगवेगळ्या पट्टीत! दोघींत जवळजवळ अर्ध्या सुराचा फरक, तिसरी त्याहून वर. त्या तिसरीत खाँसाहेबांचा आवाज पोरासोरासारखा झालाय. मुळात आवाज बारीक आणि उंच, त्यात वेग वाढवला की गेलंच.

पाटील: सर, ७८ म्हणजे ७८ ना? मिनिटाला ७८ फेऱ्या. मग फरक कसा पडतो?

गोखले: नावाला ७८ हो. सुरुवातीच्या काळात कंपनीगणिक, कधीकधी एकाच कंपनीत ध्वनिमुद्रणागणिक वेग बदलायचा. सत्तरीच्या अलीकडे-पलीकडेपासून ऐंशीच्या वरपर्यंत. ७८ हे पुढे ठरलं. आता कुणी जुनी तबकडी सरळ ७८ वर लावून डिजिटल केली की झाला गवई एक पट्टी वर. मग दुसरा त्या फाईलची खरखर काढतो. खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे ती गुंजणारी झणक, जाते, वरच्या सुरांची धार जाते, आणि खाली प्रतिक्रिया येतात, "व्वा, किती स्वच्छ!" मला विचाराल तर खरखरीसकट ऐकावं. दोन मिनिटांत कान तिला विसरतो. गेलेली धार मात्र परत येत नाही.

शेख सर: शंभर टक्के. साथीच्या हार्मोनियमचा आवाज ऐकायचा, तो पिपाणीसारखा झाला असेल तर वेग चढलाय. मी मधली प्रत धरतोय.

रोहन (सी-५०२): काका, मला गाण्यातलं शष्प कळत नाही, पण हा वेगाचा प्रॉब्लेम नासाने सोडवलाय 😀 व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली ना १९७७ ला, तिच्या कव्हरवर आकृती कोरलीय. तबकडीची एक फेरी किती वेळात व्हायला हवी ते हायड्रोजनच्या अणूच्या हिशोबात लिहिलंय. एका फेरीला ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेऱ्या. परग्रहावरच्यांनी लावली तर पट्टी बरोबर येईल.

गोखले: अरे वा! म्हणजे परग्रहावर पट्टी बरोबर आणि यूट्यूबवर चूक.

कामत काकू (सी-१०४): रोहन, त्याच तबकडीवर आमच्या केसरबाई केरकर आहेत, ते सांग ना आधी! गोंयच्या केरीच्या. 'जात कहाँ हो', भैरवी. भारतातलं तेवढं एकच गाणं आहे त्यात. साडेतीन मिनिटांचं. पाटलांच्या भाषेत जाहिरातच ती, पण सूर्यमालेबाहेर गेली.

रोहन: हो काकू, दोन्ही यानांवर तीच तबकडी आहे. एक ऑगस्टमध्ये उडालं, दुसरं ५ सप्टेंबरला.

कामत काकू: आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. त्याच वर्षी. दुसरं यान उडून पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते.

बाईंचा रेकॉर्डिंगवर राग होता हे लक्षात घ्या. रेडिओवर गायला त्या तयार नसायच्या. पानाच्या टपरीवर आपलं गाणं वाजलेलं त्यांना खपणारं नव्हतं. ज्या बाईंना गाणं नको तिथे पोचायला नको होतं, त्यांचंच गाणं सगळ्यात लांब पोचलं. मला दर वेळी हसू येतं. चिडल्या असत्या की मनातून सुखावल्या असत्या, कोण जाणे.

नेने काकू: चिडल्याच असत्या. "माझी बिदागी कुठे?" असं विचारलं असतं.

कामत काकू: 😂😂 पण गाणं म्हणून ऐका ती भैरवी. भैरवी म्हणजे लाडीगोडी, असं आपल्या डोक्यात असतं. बाई तिला ख्यालासारख्या भिडतात. मोकळा, भरदार आकार, कुठे लाडिकपणा नाही. एकेका श्वासाची लांबी बघा! माझं मत त्यांना.

गोखले: केसरबाईंचं निघालंच आहे तर एक टोचणारी गोष्ट सांगतो. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते. तबकड्यांचा धंदा त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला. तरी त्यांचं गाणं कुठेच मुद्रित नाही. भास्करबुवा बखल्यांचंही नाही. त्यांच्या घराण्यातल्या केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर ऐकायचे आणि खाँसाहेब कसे गात असतील याचा अंदाज बांधायचा. म्हणून मी तीन मिनिटांच्या तबकडीला नाक मुरडत नाही. अल्लादिया खाँचं अर्धं मिनिट मिळालं तरी आपण सगळे जीव टाकू.

पाटील: हे बरोबर बोललात. तरी माझा मारवा मी सोडणार नाही.

शेख सर: सोडू नका. पण कुणाचा मारवा हे तरी नक्की करा. भीमसेनजींचा आहे, 'बंगरी मोरी मुरक गई'. वसंतराव देशपांड्यांचा आहे. वसंतरावांना मारवा लाहोरला असद अली खाँकडून मिळालेला.

पाटील: भीमसेनअण्णांच्या मारव्यात मला दम दिसतो, ते मारव्याला अंगावर घेतात. द्रुतात तर बघायलाच नको. वसंतरावांचा चक्रावून टाकतो, पुढचा सूर कुठून येईल सांगता येत नाही. एकाच संध्याकाळी दोन्ही ऐकले तर झोप लागत नाही. पण मारवा म्हणजे दिवस संपतोय आणि घरी कुणी नाही, हे फक्त अमीर खाँसाहेबांकडेच. आणि काकू, तुमचे बापूराव आणि माझे खाँसाहेब 'बैजू बावरा'त एकत्र गायलेत बरं का, देसी रागात. सिनेमात तुमचे जिंकतात!

नेने काकू: मग झालं तर. निकाल १९५२ लाच लागलाय.

गोखले: 😄 माझं राहिलं. किशोरीताई आमोणकरांचा भूप. 'प्रथम सुर साधे' आणि मग 'सहेला रे'. कितीही वेळा ऐकला तरी गंधार नवा वाटतो. मी त्यांना मैफलीत ऐकलंय, तिथे त्या कधी आकाशाला भिडायच्या, कधी माइकवाल्याशी भांडून मूड घालवायच्या. लाँग प्लेवर त्या सगळ्याला शिस्त लागलीय. काहींना ती शिस्त आवडत नाही, मला आवडते. पाच सुरांच्या रागात जास्तीचं काही करायचा मोह आवरलाय.

शेख सर: यादी झाली. श्री, मारवा, झिंझोटी, भैरवी, भूप. क्रम कसा लावायचा?

नेने काकू: वेळेनुसार. श्री आणि मारवा दिवस मावळताना. मग भूप, मग झिंझोटी, शेवटी भैरवी. शनिवारी साडेसहाला सुरू करू.

सावंत, सेक्रेटरी: शनिवारी क्लबहाऊस ७:३० पर्यंत वाढदिवसासाठी बुक आहे. डी विंग. डिपॉझिट भरलेलं आहे.

पाटील: साडेसातनंतर मारवा? शक्य नाही सावंत. अंधार पडल्यावर मारवा ऐकायला मी येणार नाही.

नेने काकू: श्रीसुद्धा नाही.

रोहन: गच्चीवर करू या का? माझा स्पीकर आहे, चार तास चालतो. खाली डीजे लागला तर वर जरा मोठा करू.

सावंत, सेक्रेटरी: गच्चीची चावी माझ्याकडे आहे. दहाच्या आत आवाज बंद. टाकीचं झाकण नवीन आहे, त्यावर कृपया कुणी बसू नये.

गोखले: ठरलं. सव्वासहा, गच्ची. सतरंज्या माझ्याकडे चार आहेत. शेख सर, मधली प्रत पेनड्राइव्हवर घेऊन या, गच्चीत नेट येत नाही. आणि सावंत, तुम्हीही एक सुचवा.

सावंत, सेक्रेटरी: मला यातलं काही कळत नाही. पण वडील रोज सकाळी हिराबाई बडोदेकर लावायचे. राग माहीत नाही.

नेने काकू: थोडं गुणगुणून व्हॉइस मेसेज टाका सावंत, राग मी सांगते.

सावंत, सेक्रेटरी: ग्रुपवर नको. तुम्हाला पर्सनल पाठवतो.