प्रतिसाद: मूर्ती नाही म्हणजे कला नाही?

वर कुणीतरी म्हटलंय की ज्यू धर्मात मूर्ती निषिद्ध, म्हणजे कलेला जागाच नाही. नाही पटलं. ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथातल्या 'निर्गम' या भागात देव ज्याला आपल्या आत्म्याने भरतो तो बसालेल चक्क कारागीर आहे, सोनं-लाकूड घडवणारा!

मला सगळ्यात भिडतो तो सोफेर, तोरा हाताने लिहिणारा. कातड्याचा पट, पिसाची किंवा बोरूची लेखणी, काळी शाई आणि ३,०४,८०५ अक्षरं. शब्द आधी तोंडाने उच्चारायचा, मग लिहायचा. देवाचं नाव आलं की थांबून, 'हे त्याच्या पवित्र नामासाठी' असं म्हणूनच लेखणी टेकवायची. एरवीची चूक पात्याने खरवडता येते, नावातली नाही. मग कातड्याचा तो अख्खा तुकडा बाजूला काढतात, पुढे पुरतात. कितीही मेहनत असली तरी. आणि शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, लेखणी बंदच, कारण त्या दिवशी वर्ज्य असलेल्या ३९ कामांत लिहिणंही येतं आणि खोडणंही.

बाकी आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल, विसरू नका. १८८०च्या सुमारास त्यांनी तोरातल्या योसेफ-मोशेच्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली आणि रंगवलीही.