एकाच ग्रीक कथेतून इंग्रजी शब्द पक्के करता येतील का? थिसिअसची गोष्ट घेतलीये

शब्दवेल्हाळ:
याद्या पाठ करून वैताग आलाय. शब्द, समोर अर्थ, घोकला की येतो आणि आठवडा उलटला की सफाचट. म्हणून ठरवलंय की एकच गोष्ट घ्यायची आणि तिच्यातून आलेले जेवढे शब्द सापडतील तेवढे गोष्टीसकट शिकायचे. थिसिअसची घेतलीये, तोच, क्रीट बेटावरच्या भूलभुलैयात शिरून मिनोटॉरला, म्हणजे बैलाचं डोकं असलेल्या राक्षसाला, मारणारा. लॅबिरिंथ म्हणजे भूलभुलैया, तो त्यातला हे कळतंच, पण अजून काय काय निघतं? आणि मुख्य म्हणजे गोष्ट माहीत असली की शब्द वापरता येतो का, की नुसता ओळखता येतो? मला लिहिताना वापरायचेत. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

पानोपानी:
गोष्ट मस्त निवडलीत. यातला सगळ्यात भारी शब्द लॅबिरिंथ नाहीच, तो आहे क्लू! एरिआडने म्हणजे क्रीटच्या मिनोस राजाची मुलगी, ती थिसिअसला सुताचा गुंडा देते, एक टोक दाराशी बांध, गुंडा सोडत सोडत आत जा आणि काम झालं की तोच धागा धरून बाहेर ये. जुन्या इंग्रजीत अशा गुंड्यालाच क्लू म्हणायचे, स्पेलिंग सी एल ई डब्ल्यू, आणि चॉसर या इंग्रज कवीने 14व्या शतकात ही गोष्ट सांगताना तोच शब्द वापरलाय. पुढे गोष्ट सगळ्यांच्या इतकी ओळखीची झाली की सूत मागे पडलं आणि गुंत्यातून वाट काढून देणारी खूण एवढाच अर्थ उरला. आपल्याकडे पोलिसांच्या हाती धागेदोरेच लागतात ना, त्यामुळे आपल्याला हे समजायला अजिबात जड जात नाही.

दुसरा शब्द प्रोक्रस्टिअन. हा क्रीटच्या आधीचा भाग, थिसिअस अथेन्सला चाललाय आणि वाटेत एकेका दरोडेखोराचा निकाल लावतोय. प्रोक्रस्टीस वाटसरूंना आग्रहाने घरी न्यायचा आणि पलंगावर झोपवायचा, माणूस आखूड पडला तर ताणून लांब करायचा, लांब असला तर पाय छाटायचा. थिसिअसने त्याला त्याच पलंगावर संपवलं. आता अर्थाची छटा बघा, नुसत्या कडक नियमाला प्रोक्रस्टिअन म्हणत नाहीत. माप आधी ठरलेलं आहे आणि त्यात बसवायला समोरच्याची मोडतोड चाललीये, तेव्हाच म्हणतात. शब्दकोशातल्या एका ओळीत ही मोडतोड नीट दिसत नाही, पलंग डोळ्यासमोर आला की मात्र शब्द चुकीच्या जागी टाकायला हात धजावत नाही, म्हणून तर गोष्ट वाचायची.

मुळाक्षर:
वरचं सगळं पटलं, एक सावधगिरी मात्र ठेवा. गोष्टीतून आलेला शब्द आणि ग्रीक शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लू मुळात ग्रीक नाहीच, जर्मानिक घराण्यातला अस्सल इंग्रजी शब्द आहे, फक्त त्याचा आजचा अर्थ या गोष्टीने घडवला. उलट नार्कोटिक, म्हणजे गुंगी आणणारा पदार्थ, बघा, ऐकायला थेट नार्सिससचा, म्हणजे ग्रीक कथेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या तरुणाचा, भाऊ वाटतो पण तो आलाय बधिरपणासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. लीथल, म्हणजे जीवघेणा, पण तसाच, लोक त्याला विस्मृतीच्या लीथी नदीशी जोडतात, पण तो लॅटिनमधल्या मृत्यूच्या शब्दावरून आलाय, नदीचा फक्त स्पेलिंगवर परिणाम झाला. लेथार्जीचं, म्हणजे सुस्तीचं, नातं मात्र खरोखर विस्मृतीशी आहे. त्यामुळे आवाज जुळला की लगेच गोष्ट चिकटवू नका, व्युत्पत्ती देणारा शब्दकोश उघडा, मिनिटभराचं काम आहे.

रात्रपाळी_वाचक:
तुमचा दुसरा प्रश्न कोणी घेतला नाही अजून, वापरता येतं का. माझं मत, गोष्टीने अर्थ पक्का होतो पण शब्दाचे शेजारी कळत नाहीत, आणि लिहिताना अडतं ते तिथेच. म्हणजे क्लू ऑफ नाही, क्लू टू किंवा क्लू अबाउट. आय हॅवन्ट अ क्लू म्हणजे मला काहीच कल्पना नाही, बोलण्यात सर्रास चालतं. लॅबिरिंथपेक्षा लिहिताना लॅबिरिंथाइन, म्हणजे भूलभुलैयासारखा गुंतागुंतीचा, जास्त उपयोगी पडतो, नियम, कारभार, कथानक, गल्ल्या यांना लावतात, यात बोलताना जोर रिंथ वर येतो, आणि स्पेलिंगमध्ये वाय आधी, आय नंतर, हे उलटं होतं फार जणांचं. कानाच्या आतल्या भागालाही लॅबिरिंथच म्हणतात, तिथल्या नळ्यांची गुंतागुंत बघितली की कारण कळतं. प्रोक्रस्टिअन जपून वापरा, तो पुस्तकी आहे, ईमेलमध्ये टाकलात तर निम्म्यांना कळणार नाही.

आणि शिप ऑफ थिसिअस विसरू नका. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय की अथेन्सच्या लोकांनी त्याचं जहाज जपून ठेवलं, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, मग तत्त्वज्ञ वाद घालू लागले की हे तेच जहाज की दुसरं. इंग्रजी लेखांत हा संदर्भ सारखा येतो, संस्था, टीम, सॉफ्टवेअर, कशाबद्दलही.

मी असं करते, गोष्ट वाचायची, पुस्तक मिटायचं आणि तीच गोष्ट आपल्या इंग्रजीत लिहायची. मग त्यातला एकेक शब्द गोष्टीबाहेर काढून ज्याचा थिसिअसशी काही संबंध नाही अशा विषयावर वाक्य करायचं. दुसरी पायरी गाळली तर शब्द गोष्टीतच अडकून पडतो.

शब्दवेल्हाळ:
खूप खूप आभार सगळ्यांचे, धागेदोरे वाचून तर फारच आनंद झाला. लिहायला बसतो आजच. ही झाली की पुढची कुठली घेऊ?

पानोपानी:
टँटलस घ्या, देवांनी शिक्षा दिलेला ग्रीक कथेतला राजा. पाताळात गळ्याशी पाणी आणि डोक्यावर लगडलेली फळं, प्यायला वाकला की पाणी ओसरतं, हात वर केला की वाऱ्याने फांद्या दूर जातात. त्यावरून टँटलाइझ, म्हणजे हवं ते दाखवून हाती लागू न देता झुरवणं, आणि रोजच्या वापरात टँटलायझिंग, वास, झलक, शक्यता यांना लावतात. रसायनशास्त्राची आवड असेल तर अजून मजा येईल, 1802 मध्ये एकेबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने नवं मूलद्रव्य शोधलं, त्याचं ऑक्साइड आम्लात बुडवलं तरी आम्ल काही घेईना, म्हणून नाव ठेवलं टँटलम. त्याच्याच खनिजांत सापडणाऱ्या दुसऱ्या मूलद्रव्याला 1844 मध्ये टँटलसच्या मुलीचं, नायोबीचं नाव मिळालं, नायोबिअम. नायोबीची गोष्ट वेगळी वाचा, तीही टँटलसच्याच घरातली आहे.