सेवासदन म्हणजे फक्त शिवणवर्ग नव्हेत

पुण्याचं सेवासदन, म्हणजे रमाबाई रानड्यांची बायकांसाठीची संस्था, ही विधवांसाठी शिवणाचे वर्ग, बाकी फारसं काही नाही, असं काहीजण म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. वर्ग होतेच. पण १९०९ साली हे काम उभं राहिल्यावर रमाबाई रानड्यांनी बायकांना उंबऱ्याबाहेरच्या सेवेतही उतरवलं, आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं. आषाढी-कार्तिकीला त्या स्वतः स्वयंसेविकांना घेऊन आळंदीला जात, यात्रेकरूंची सेवा करत. तुरुंगातल्या बायकांची विचारपूस, इस्पितळात रुग्णांना भेटणं, हेही चाले.

पुण्याच्या ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला विद्यार्थिनी पाठवल्या, ते तर विसरताच कामा नये. परक्या पुरुषाची शुश्रूषा करायची, ही कल्पनाच तेव्हा पांढरपेशा घरांना सहन होत नव्हती.