दहावीचे गुण विचारावेत की नाहीत?

सचिव: काल ग्रुपवर मुलांचे गुण विचारल्यावरून जी बोलाचाली झाली, तीबद्दल ज्यांना शांतपणे लिहायचे असेल त्यांनी जरूर लिहावे, मात्र कोणत्याही मुलाचे नाव घेऊ नये, ही विनंती.

बी-३०२: मी समुपदेशनाचे काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. साल्व्हादोर मिनुचिन या कुटुंबोपचारतज्ज्ञांनी १९७४ साली कुटुंबांची मांडणी करताना एका टोकाला परस्परांत पूर्ण गुंतलेली घरे ठेवली आणि दुसऱ्या टोकाला एकमेकांपासून तुटलेली. गुंतलेल्या घरात मुलाने जेवणानंतरचा गोड पदार्थ खाल्ला नाही तरी आईवडील हवालदिल होतात, तर तुटलेल्या घरात मुलाला शाळेचा तिटकारा आला तरी कोणाला फिकीर नसते, असे त्यांचे उदाहरण आहे. गुण मुलाचे असतात, पण ते आपल्यालाच पडले आहेत असे वाटू लागले की शेजाऱ्याचा साधा प्रश्नही आपल्या लायकीवरचा शेरा वाटतो. त्यामुळे काल ओलांडली गेलेली सीमा शेजाऱ्यांमधली कमी आणि घरातली अधिक होती, असे माझे मत आहे. ते काहींना रुचणार नाही, याची कल्पना आहे.

ए-१०१: ताई, ही मापे अमेरिकेतली. आम्ही गिरगावात चाळीत वाढलो. तिथे दारे दिवसभर उघडी असत आणि कोणाचा निकाल काय लागला, हे पेढे येण्याआधीच मजलाभर ठाऊक असे. त्याने कोणाचे मन मोडल्याचे मला तरी आठवत नाही.

बी-३०२: काका, तुमचा आक्षेप रास्त आहे. न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अॅलन रोलँड यांनीही १९८८ साली हेच मांडले, की भारतीय माणसाचा ‘मी’ मुळात कुटुंबात मिसळलेला असतो आणि त्याला पाश्चात्त्य मोजपट्टी जशीच्या तशी लावता येत नाही. परंतु अशाच माणसाच्या मनात एक अगदी खाजगी कप्पाही जपलेला असतो, हेही त्यांनी नोंदवले आहे. चाळीत कोणाचे मन मोडले नसेल, किंवा मोडलेले त्या कप्प्यातच राहिले असेल. बाहेरून ते कळण्याचा मार्ग नव्हता.

ए-४०३: कालचा प्रश्न माझ्या मुलीबद्दल होता आणि रागावले मी, तिला न विचारताच. ती सोळा वर्षांची आहे. यापुढे ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी लिफ्टमध्ये भेटल्यावर तिलाच विचारावे. सांगायचे की नाही, हे ती ठरवील, आणि तिने विषय बदलला तर कृपया पुन्हा मला फोन करू नये.